रोमन आकडे वाचायला शिकताना: सात अक्षरं, सहा जोड्या आणि बरेच खड्डे

एका ग्रंथालयात जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या नोंदी करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला रोमन आकडे बारापर्यंतच येत होते. घड्याळात असतात तेवढे. पहिल्याच आठवड्यात एका पुस्तकाचं साल मी १८६६ असं लिहिलं. खरं साल होतं १८६४. शेवटची दोन अक्षरं ‘आय-व्ही’ अशी होती, मी ती ‘व्ही-आय’ वाचली. पुढे बऱ्याच महिन्यांनी एक अभ्यासक बाई तेच पुस्तक शोधत आल्या. १८६४ च्या यादीत ते नव्हतं, म्हणून त्यांना नाही म्हणून सांगावं लागलं. पुस्तक मात्र दहा पावलांवरच्या कपाटात होतं. पुढे फेरतपासणीत मला माझी चूक सापडली आणि त्या दिवसापासून मी हे आकडे नीट शिकायला बसले. तुम्हाला तो हेलपाटा पडू नये म्हणून जे शिकले ते क्रमाने लिहिते आहे.

आधी लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक सूचना. या लेखात मी रोमन अक्षरं उच्चारानुसार लिहिली आहेत: आय, व्ही, एक्स, एल, सी, डी, एम. तुम्ही वाचताना शेजारी कागद ठेवा आणि प्रत्येक उदाहरण इंग्रजी मोठ्या लिपीत स्वतः लिहून पाहा. नुसतं वाचून हे आकडे डोक्यात बसत नाहीत, हाताखालून जावे लागतात.

काय काय लागेल

- पेन्सिल आणि कागद. जुन्या पुस्तकाजवळ पेन नेऊच नका.
- भिंग. छापील पानावर व्ही आणि एक्स झिजले की सारखेच दिसतात.
- मोबाइलची बॅटरी. दगडात कोरलेला मजकूर वाचायचा तर उजेड समोरून मारू नका, बाजूने तिरपा धरा. खाचांमध्ये सावली पडते आणि पुसट अक्षर उठून दिसतं.
- फोटो काढायची सवय. घरी येऊन मोठा करून वाचता येतो.

कोरीव लेखावर खडू, पावडर किंवा पाणी कधीही लावू नका. अक्षर वाचायला सोपं जातं हे खरं, पण दगड खराब होतो.

पायरी १: सात अक्षरं पाठ करा

आय १, व्ही ५, एक्स १०, एल ५०, सी १००, डी ५००, एम १०००. एवढंच सगळं भांडवल आहे.

यात एक चाल आहे ती पकडा: एकदा पाचपट, मग दुप्पट, पुन्हा पाचपट, पुन्हा दुप्पट. हाताशी ताडून पाहिलं तर आय म्हणजे एक बोट, व्ही म्हणजे पसरलेला पंजा, एक्स म्हणजे दोन पंजे. ही लक्षात ठेवायची युक्ती आहे, व्युत्पत्ती म्हणून कुणाला सांगू नका. सी आणि एम सोपे: लॅटिनमध्ये शंभराला ‘केंटुम’ आणि हजाराला ‘मिल्ले’ म्हणतात, सेंच्युरी आणि मिलेनियम हे शब्द त्याच घरातले.

घोळ होतो तो एल आणि डीचा. माझ्याकडे नोंदी शिकायला येणारी मुलं पन्नास आणि पाचशेची हमखास अदलाबदल करतात. क्रिकेटवरून लक्षात ठेवा: एल हे अर्धशतक आणि सी हे शतक, दोन्ही शेजारी. उरलेला डी म्हणजे एमचा अर्धा.

आणि ‘अर्धा’ हे अक्षरशः खरं आहे. रोमन लोकांचं हजाराचं जुनं चिन्ह एम नव्हतं. मधोमध उभी रेघ असलेल्या वर्तुळासारखी ती खूण होती. तिचा उजवा अर्धा भाग घेतला की डीसारखा आकार मिळतो, म्हणून डी म्हणजे पाचशे. ही माहिती केवळ गंमत म्हणून देत नाही. सतराव्या शतकातली, विशेषतः हॉलंडमध्ये छापलेली लॅटिन पुस्तकं हातात आली तर शीर्षकपानावर अनेकदा एम नसतो. तिथे सी, मग आय, मग उलटा फिरवलेला सी अशी तीन चिन्हं दिसतात. ती मिळून हजार. आय आणि उलटा सी मिळून पाचशे. हे माहीत नसेल तर माणूस छापखान्याची चूक समजून पुढे जातो.

पायरी २: मोठ्याकडून लहानाकडे जाताना बेरीज करा

अक्षरं उतरत्या क्रमाने असतील तर डोळे मिटून बेरीज. एक्स-व्ही-आय म्हणजे १०, ५ आणि १, एकूण १६. आय, एक्स, सी आणि एम ही अक्षरं लागोपाठ तीनदा येऊ शकतात. व्ही, एल आणि डी कधीच दोनदा येत नाहीत, कारण दोन व्ही म्हणजे एक एक्सच झाला.

सरावासाठी १६६६ हे साल घ्या. एम-डी-सी-एल-एक्स-व्ही-आय. सातही अक्षरं, प्रत्येक एकदाच, मोठ्यापासून लहानापर्यंत जिना उतरावा तशी. लंडन शहर जळालं ते हेच साल. हे एक साल पाठ केलं की सातही अक्षरांचा क्रम आपोआप पाठ होतो. मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी हेच लिहायला लावते.

पायरी ३: लहान अक्षर आधी आलं तर वजाबाकी

मराठी माणसाला ही पायरी जड जायचं कारण नाही, कारण आपण लहानपणापासून तसंच मोजतो. एकोणीस म्हणजे एकाने ऊन असलेले वीस. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, सगळीकडे ‘एक कमी’ हीच बोली. लॅटिनही असंच बोलते: एकोणिसाला ‘उन्देविगिन्ती’, म्हणजे विसाला एक कमी. अठराला तर ‘दुओदेविगिन्ती’, विसाला दोन कमी.

लिहिताना मात्र वजाबाकीला फक्त सहा जोड्यांची परवानगी आहे:

- आय-व्ही ४, आय-एक्स ९
- एक्स-एल ४०, एक्स-सी ९०
- सी-डी ४००, सी-एम ९००

आय फक्त व्ही आणि एक्सच्या आधी बसतो. एक्स फक्त एल आणि सीच्या आधी. सी फक्त डी आणि एमच्या आधी. बाकी कुठलीही जोडी नाही.

आता खड्डा, आणि हा आपल्याच भाषेने खणलेला आहे. एकोणपन्नास म्हटलं की हात आपसूक आय-एल लिहायला जातो: पन्नासाला एक कमी. चूक. ४९ म्हणजे चाळीस आणि नऊ, एक्स-एल-आय-एक्स. तसंच ९९ आय-सी असं लिहायचं नाही. नव्वद आणि नऊ, एक्स-सी-आय-एक्स. इथे मराठी तुमच्या मदतीला येते, कारण आपण एकोणशंभर म्हणत नाही, नव्व्याण्णव म्हणतो: नऊ आणि नव्वद. १९९९ बद्दलही तेच. एम-आय-एम असं तीन अक्षरांत उरकायचा मोह होतो, पण त्याचं नियमाप्रमाणे रूप एम-सी-एम-एक्स-सी-आय-एक्स.

पायरी ४: वाचण्याआधी तुकडे पाडा

माझी १८६४ ची चूक झाली ती तुकडे न पाडल्यामुळे. डावीकडून अक्षर-अक्षर बेरीज करत जाऊ नका. आधी पेन्सिलीने कागदावर उभ्या रेघा मारून हजार, शतक, दशक, एकक असे चार कप्पे करा आणि मगच वाचा.

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावर पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांच्या आगमनाचा लेख कोरलेला आहे. त्यात तारीख इंग्रजी शब्दांत आणि साल रोमन आकड्यांत आहे: एम-सी-एम-एक्स-आय. सरसकट बेरीज केली तर २१११ येतं. कप्पे पाडा: एम | सी-एम | एक्स | आय. हजार, नऊशे, दहा, एक. १९११.

कप्पे पाडताना एकच प्रश्न विचारायचा: या अक्षराच्या पुढचं अक्षर मोठं आहे का? असेल तर दोघांची जोडी, ती तोडायची नाही. नसेल तर अक्षर सुटं.

लांबीवरून आकड्याचा अंदाज करू नका. १८८८ लिहायला तेरा अक्षरं लागतात, एम, डी-सी-सी-सी, एल-एक्स-एक्स-एक्स, व्ही-आय-आय-आय. आजवर होऊन गेलेलं कुठलंही साल याहून लांब नाही. २००० मात्र दोन अक्षरांत संपतं. एवढी तेरा अक्षरं सलग छापलेली असली की डोळा हमखास एखादा सी किंवा आय गाळतो. अशा सालात प्रत्येक अक्षरावर पेन्सिलीचं टोक हवेत धरून मोजा. अठराशे ऐंशीच्या दशकातली पुस्तकं असतील तर दोनदा मोजा.

जुन्या शीर्षकपानांवर काही मुद्रकांनी आपलं काम सोपं करून ठेवलेलं असतं. ते हजार, शतक आणि पुढचा भाग यांच्यामध्ये टिंब देतात. टिंब दिसलं की समजा कप्पा आयता पाडून मिळाला.

पायरी ५: लिहायचं असेल तर

उलट जा. १९६० लिहायचं आहे. हजार: एम. नऊशे: सी-एम. साठ: एल-एक्स. एकक शून्य, म्हणून काहीच नाही. एम-सी-एम-एल-एक्स. १९४७ म्हणजे एम, सी-एम, एक्स-एल, व्ही-आय-आय. शून्याला चिन्हच नाही, त्यामुळे रिकामा कप्पा खरोखर रिकामा सोडायचा.

या पद्धतीने ३९९९ पर्यंत जाता येतं. त्यापुढे अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ देतात, तिने किंमत हजारपट होते. सालं वाचणाऱ्याला ती लागत नाही.

पायरी ६: नियम मोडलेला दिसला तर थांबा, दुरुस्त करू नका

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. शाळेत शिकवलेले नियम मनात घट्ट बसलेला माणूस इथे दोन प्रकारे चुकतो. एक तर तो आकडा ‘चुकीचा’ म्हणून सोडून देतो, किंवा नोंदीत परस्पर सुधारून टाकतो. रोमन लोकांनी हे नियम आपल्याइतके काटेकोर कधी पाळलेच नव्हते. सहा जोड्यांची शिस्त पुढे पक्की झाली. म्हणून जसं कोरलंय तसं उतरवायचं आणि शेजारी त्याची किंमत लिहायची.

घड्याळापासून सुरुवात करा, ते घरातच असेल. रोमन आकड्यांच्या बहुतेक तबकड्यांवर चाराच्या जागी आय-व्ही नसतो, चार आय असतात. यामागे अनेक कथा सांगतात. ज्युपिटर देवाचं नाव लॅटिनमध्ये आय-व्हीने सुरू होतं म्हणून ते टाळलं, कुठल्याशा राजाने हुकूम सोडला, वगैरे. त्यांना पुरावा नाही. तबकडीकडे नुसतं पाहिलं तर दोन सोयी मात्र लगेच दिसतात. पहिली: एक ते चारमध्ये फक्त आय, पाच ते आठमध्ये व्ही, नऊ ते बारामध्ये एक्स, असे तबकडीचे तीन सारखे भाग पडतात. दुसरी: तबकडीवरचे आकडे पाय केंद्राकडे करून उभे असतात, म्हणून चार आणि सहा आपल्याला उलटे दिसतात, आणि उलटा आय-व्ही उलट्या व्ही-आयशी सहज गल्लत करतो. चार आय असले की ती गल्लतच राहत नाही. शिवाय बारा आकड्यांना मिळून वीस आय, चार व्ही आणि चार एक्स लागतात, मोजून पाहा. लंडनच्या बिग बेनच्या तबकड्यांवर मात्र आय-व्हीच आहे. त्यामुळे ‘घड्याळात नेहमी चार आय असतात’ असं कुणी छातीठोक सांगितलं तर मान्य करू नका.

रोमच्या कलोसियमच्या कमानींवर आत जाणाऱ्यांसाठी दारांचे क्रमांक कोरलेले होते, त्यांतले २३ ते ५४ अजून शिल्लक आहेत. तिथे चाळीससाठी एक्स-एल आहे, पण चारसाठी चार आय. चव्वेचाळीसावं दार एक्स-एल-आय-आय-आय-आय. एकाच आकड्यात अर्धा नियम पाळलेला, अर्धा मोडलेला.

आणि एक दगड असा आहे की त्याबद्दल लिहिताना मला दरवेळी थांबावं लागतं. जर्मनीत मार्कुस काएलियुस नावाच्या रोमन सेंच्युरियनचा, म्हणजे लष्करी अधिकाऱ्याचा, स्मृतिस्तंभ सापडला. इसवी सन ९ मध्ये ट्यूटोबर्गच्या जंगलात रोमची तीन लष्करं (लीजन) कापली गेली, त्यात तो पडला. त्याच्या भावाने हा दगड उभारला. त्यावर त्याच्या लीजनचा क्रमांक १८ असा कोरलेला आहे: एक्स-आय-आय-एक्स. आपण एक्स-व्ही-आय-आय-आय लिहिलं असतं. कोरणाऱ्याने मात्र जसं बोलत तसं लिहिलं, विसाला दोन कमी. पुढे त्याचं वय आहे: एल-आय-आय-आय आणि त्यानंतर एस. हा एस पाहून नवखा माणूस अडतो, कारण सात अक्षरांत एस नाही. एस म्हणजे ‘सेमिस’, अर्धा. रोमन अपूर्णांक बाराच्या हिशोबाने चालत आणि बारापैकी सहा भागांना एस लिहीत. तो साडेत्रेपन्न वर्षांचा होता. ‘विसाला दोन कमी’ आणि ‘साडे’ हे दोन्ही आपल्या कानाला ओळखीचे आहेत, म्हणून मला तो दगड इंग्रजी पाठ्यपुस्तकापेक्षा मराठीतून लवकर कळला.

हे सगळं फक्त प्राचीन काळचं समजू नका. लंडनमधल्या ॲडमिरल्टी आर्चवर १९१० हे साल एम-डी-सी-सी-सी-सी-एक्स असं आहे, चार सी घालून. अमेरिकेत सेंट लुईसच्या कलासंग्रहालयावर १९०३ हे साल एम-डी-सी-डी-आय-आय-आय असं कोरलंय: हजार, पाचशे, चारशे, तीन. हिशोब बरोबर येतो, डी दोनदा आला तरी. वाचताना आपण उत्तरापर्यंत पोचलो की झालं.

एक प्रकार आणखी. काही लॅटिन आणि इंग्रजी लेखांत साल वाक्यातच लपवलेलं असतं. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ गेल्यावर रचलेली ओळ प्रसिद्ध आहे: ‘माय डे क्लोज्ड इज इन इमॉर्टॅलिटी’. शब्दांची पहिली इंग्रजी अक्षरं घ्या: एम, डी, सी, आय, आय, आय. १६०३, तिच्या मृत्यूचं साल. कोरीव लेखात मधलीच काही अक्षरं विनाकारण मोठी दिसली तर ती बाजूला काढून बेरीज करून पाहा. आपल्याकडे जुन्या लेखांत आणि पोथ्यांत शब्दांनी आकडे सांगायची रीत आहेच. वेद म्हणजे चार, बाण म्हणजे पाच, आणि ‘अंकानां वामतो गतिः’ या नियमाने उजवीकडून वाचायचं. ‘वेद-बाण’ म्हणजे ५४. पोथ्या लावणाऱ्यांना ही लपवाछपवी नवी वाटणार नाही.

पायरी ७: आकडा कशाचा आहे ते विचारा

आकडा बरोबर वाचला आणि तरी नोंद चुकली, असं फार वेळा होतं. पुन्हा गेटवेकडे चला. १९११ वाचून कितीतरी जण सांगतात की गेटवे १९११ साली बांधला. तो आकडा राजा-राणी २ डिसेंबरला अपोलो बंदरावर उतरल्याचा आहे. पायाभरणी १९१३ ची, काम पुरं झालं १९२४ मध्ये. लेखातलं पूर्ण वाक्य वाचल्याशिवाय साल उचलू नका.

राजांच्या नावापुढचं अक्षर हा आकडा असतो, आद्याक्षर नव्हे. त्याच लेखात जॉर्जपुढे व्ही आहे. ‘जॉर्ज व्ही’ असं वाचणारे भेटतात. तो पंचम जॉर्ज. परळच्या केईएम रुग्णालयाच्या नावातला एडवर्ड म्हणजे सप्तम एडवर्ड. इंग्रजीत त्याच्यापुढे व्ही-आय-आय लिहितात.

अशा क्रमांकांवरून किती जण होऊन गेले हे मोजू नका. १९५८ साली निवडून आलेले पोप जॉन तेविसावे होते, पण विसावा जॉन पोप कधी झालाच नाही. मध्ययुगात मोजणीत गोंधळ झाला आणि तो क्रमांक सुटला. ऑलिंपिकचंही असंच आहे. पॅरिसचं २०२४ चं ऑलिंपिक एक्स-एक्स-एक्स-आय-आय-आय, म्हणजे तेहेतिसावं. महायुद्धांमुळे १९१६, १९४० आणि १९४४ ची रद्द झाली, तरी त्यांचे क्रमांक धरलेले आहेत. प्रत्यक्षात खेळ तीस वेळाच झाले.

एका अक्षराची किंमत किती असते याचं मला माहीत असलेलं सर्वांत मोठं उदाहरण चित्रपटातलं आहे. ‘द लास्ट टाइम आय सॉ पॅरिस’ हा हॉलिवूडचा चित्रपट १९५४ चा. पडद्यावरच्या हक्काच्या ओळीत एम-सी-एम-एल-आय-व्ही हवं होतं. छापलं गेलं एम-सी-एम-एक्स-एल-आय-व्ही. एलच्या आधी एक एक्स जास्तीचा पडला आणि एक अक्षर वाढून साल दहा वर्षांनी मागे गेलं: १९४४. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात हक्काची पहिली मुदत २८ वर्षांची होती आणि ती वेळेत वाढवून घ्यावी लागे. पडद्यावरच्या सालाप्रमाणे ती दहा वर्षं आधीच, १९७२ मध्ये संपली, आणि चित्रपट सर्वांसाठी खुला झाला. नोंदवहीत एक्स लिहिताना मला अजून हा चित्रपट आठवतो.

पायरी ८: छोट्या लिपीतले आकडे

इंग्रजी पुस्तकात प्रस्तावनेच्या पानांना छोट्या लिपीतले रोमन आकडे असतात. मजकूर आधी छापून होई आणि प्रस्तावना, अनुक्रमणिका शेवटी तयार होई, म्हणून त्यांना वेगळे आकडे द्यायची रीत पडली. नोंद करताना ही पानं मुख्य पानांत मिळवू नका. आधी रोमन संख्या, मग स्वल्पविराम, मग पुढची पानं.

जुन्या हस्तलिखितांत आणि औषधांच्या चिठ्ठ्यांत शेवटचा आय लांब शेपटी काढून जेसारखा लिहीत. आठ म्हणजे व्ही-आय-आय-जे. ‘आकडा इथे संपला, पुढे काही जोडू नका’ असं सांगायची ती खूण. जे हे आठवं अक्षर आहे असं समजू नका.

पायरी ९: या आकड्यांत हिशोब करू नका

बेरीज कशीबशी जमते, गुणाकार करायला गेलात की कळेल. रोमन व्यापारीसुद्धा हिशोब मणिफळ्यावर करत आणि उत्तर तेवढं या आकड्यांत लिहून ठेवत. १२०२ साली पिसाच्या फिबोनाचीने आपल्या ग्रंथात युरोपला ‘भारतीयांचे नऊ अंक’ आणि शून्याची खूण समजावून सांगितली. तरीही १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफ-पेढीवाल्यांच्या संघाने आपल्या खातेवहीत ते अंक वापरायला बंदी घातली. नव्या अंकांत खाडाखोड करून फसवणं सोपं, ही भीती होती. आपण चेकवर रक्कम अक्षरी लिहितो ती त्याच काळजीने.

सराव

उत्तरं खाली आहेत, आधी स्वतः करा. रोज कानावर पडणारी ही संक्षेपं रोमन आकडे म्हणून चालतील का, आणि चालली तर किंमत किती?

सीएम, डीसीएम, एमडी, एलआयसी, सीआयडी, एमसीएक्स, एलएलएम, एमआयडीसी.

सीएम: ९००, चोख. डीसीएम: ५०० आणि ९०० मिळून १४०० होतात, पण डीनंतर सी-एम येऊ शकत नाही, १४०० म्हणजे एम-सी-डी. एमडी: १५००. एलआयसी: आय सीच्या आधी बसत नाही. ती जोडी धरली असती तर १४९ झाले असते, आणि १४९ म्हणजे सी-एक्स-एल-आय-एक्स. सीआयडी: आय आणि डीची जोडीच नाही. एमसीएक्स: १११०, बरोबर. एलएलएम: एल दोनदा येत नाही. एमआयडीसी: चारही अक्षरं रोमन, पण इथेही आय डीच्या आधी अडकतो.

हे आठही जमले तर शेवटचं एक करून पाहा: डी-आय-एक्स. रोमन आकड्यांत याची किंमत ५०९ येते. फ्रेंच माणसाला हीच तीन अक्षरं दाखवा, तो ‘दीस’ असं वाचेल आणि सांगेल, दहा.